शादीचा जोडा : किंमत उलगडून पाहिली तर

लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या चौकशांचा सूर बदलतो. एरवी सुताचे भाव, भंगाराचा धंदा, गाळ्याची पागडी यांबद्दल विचारणारे बांधव एकच गोष्ट विचारू लागतात : मुलीसाठी जोडा घ्यायचा आहे, चारचौघांत शोभेल आणि खिशालाही परवडेल असा कुठे मिळेल? प्रश्न साधा वाटतो, पण अनेक घरांत याच प्रश्नापायी कर्ज निघते. हॉलचे भाडे आणि बिर्याणीच्या देगा यांचा हिशेब महिनाभर आधी कागदावर मांडला जातो. जोड्याचा हिशेब मात्र दुकानाच्या गादीवर बसल्यावर, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून केला जातो आणि तिथेच तो चुकतो.

गेल्या थंडीत महाडकडचे आमच्या जुन्या ओळखीचे एक गृहस्थ असेच आले. हमरस्त्यावर त्यांचे पंक्चर काढण्याचे दुकान आहे. मुलगी बी.कॉम. झाली, निकाह ठरला. आपल्याकडे जोड्याची रीत घरागणिक वेगळी. कुठे निकाहाचा जोडा वराकडून बरीत येतो, कुठे वधूच्या घरून. इथे वरपक्षाने सांगितले होते की दागिना आम्ही आणू, कपडे मुलीच्या पसंतीने तुम्हीच घ्या. निकाहाचा एक आणि वलीम्याचा एक असे दोन जोडे हवे होते. दोन्ही मिळून पंधरा हजार रुपये बाजूला काढलेले. मापासाठी मुलीचा जुना कुर्ता पिशवीत घालून नवरा-बायको पहाटेच्या एस.टी.ने मुंबईला आले आणि म्हणाले, "तुम्ही व्यापाराचं पान लिहिता, तर आज आम्हाला बाजार दाखवा."

पहिल्या दुकानात आम्हीच त्यांना नेले, ही आमची चूक. काचेच्या दारांचे, थंड हवेचे दुकान. विक्रेत्याने आठ जोडे अंथरले. त्यातला एक मरून रंगाचा शरारा मुलीच्या आईच्या नजरेत भरला. चिठ्ठीवर किंमत ४२ हजार. बरीच घासाघीस झाल्यावर ३८ हजारांवर गाडी थांबली. आमच्या स्नेह्यांनी हळूच विचारले, हप्ते होतील का? होतील म्हणाले, बारा महिन्यांचे, व्याज धरून. बाहेर आल्यावर ते आम्हाला म्हणाले, "दुकानाच्या मशीनचा हप्ता चालूच आहे. त्यावर हा एक बसेल. मुलीचं एकदाच तर आहे."

"एकदाच तर आहे" या तीन शब्दांवर अख्खा बाजार उभा आहे. आम्ही त्यांना चहाला बसवले आणि म्हटले, घ्यायचा तर घ्या, पण आधी ही किंमत कशाची आहे ते पाहू. त्या शराऱ्याचा फोटो दुकानदाराच्या परवानगीने मोबाइलवर घेतलेला होताच. तो घेऊन आम्ही निघालो. पुढचे दोन दिवस जे पाहिले आणि शिकलो, ते ग्राहक, व्यापारी आणि कारागीर या तिघांच्याही कामाचे आहे, म्हणून इथे देत आहोत.

किंमत पाच तुकड्यांची

कोणताही जोडा उलगडला की किमतीचे पाच तुकडे निघतात. पहिला कापड, दुसरा भरतकामाचे सामान, तिसरा हातकामाची मजुरी, चौथा शिलाई आणि पाचवा दुकान. ग्राहक घासाघीस करतो ती बेरजेवर. कोणता तुकडा किती आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून दुकानदाराने चार हजार सोडले की त्याला जिंकल्यासारखे वाटते आणि ते चार हजार कुणाच्या वाट्यातून गेले हे त्याला कळत नाही.

दुकानदारावर अन्याय नको म्हणून त्याची बाजूही सांगतो. अशाच एका मध्यम दुकानाच्या मालकांनी आम्हाला मोकळेपणाने सांगितले की ते विकलेल्या जोड्यात न विकलेल्याची किंमत धरतात. यंदा चालणारा रंग पुढच्या वर्षी चालत नाही. आठ जोड्यांत दोन अंगावर पडतात. गाळ्याचे भाडे, दिवे, चार माणसांचा पगार, सुटे पडलेले मणी पुन्हा लावून देणे, हे सगळे त्यातच. शिवाय कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी लागतो. त्याआधी वरचा दर १२ टक्के होता. म्हणजे करासह ४२ हजारांच्या जोड्यात सुमारे ६,४०० रुपये नुसता कर आहे. मीटरने घेतलेल्या कापडावर मात्र ५ टक्केच. ज्याला तयार जोडा परवडत नाही, त्याला कापड घेऊन शिवण्याची वाट इथूनच स्वस्त पडू लागते.

कापड : मीटर आधी मोजा, रंग मग पाहा

मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट, गोटा-किनारीसाठी भुलेश्वर, ही जुनी वाट आजही खरी आहे. पण दुकानात शिरण्यापूर्वी कोणता पोशाख शिवायचा ते ठरले पाहिजे, कारण कापड किती लागेल ते त्यावर ठरते.

परंपरागत घेरदार घराऱ्याला गुडघ्याखालच्या घेरासाठी एकावर एक पट्ट्या जोडाव्या लागतात. त्याला दहा-बारा मीटर कापड सहज लागते आणि शिलाईही तशीच महाग. शरारा कमरेपासून किंवा मांडीपासून मोकळा सुटतो. बेताच्या घेराचा शरारा पाच मीटरमध्ये होतो. लेहंग्याचा खर्च कळ्यांवर, म्हणजे जितक्या कळ्या तितके कापड आणि तितके काम. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे नांदेड, औरंगाबाद या भागांत खडा दुपट्टा आजही घालतात. त्याचा दुपट्टाच सहा वारांचा, म्हणून तिथे बचत करायची तर ती चुडीदार आणि कुर्त्याच्या कापडात करावी, दुपट्ट्यात नव्हे. घरात आईची किंवा नानीची बनारसी साडी चांगल्या अवस्थेत असेल तर तिच्या साडेपाच मीटरमधून शरारा निघतो आणि काठ वेगळा काढून दुपट्ट्याला लावता येतो. त्यात कापडाचा खर्च जवळजवळ शून्य होतो.

कमी खर्चात शाही दिसणारे कापड ही काही आजची युक्ती नाही. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणातून विणला जातो. सोन्या-चांदीच्या तारांचे किनखाब ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी तशाच नक्षीचे, पण हलक्या किमतीचे कापड म्हणून तो नावाजला. आपल्या विणकरांनी हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी सोडवला होता, एवढेच लक्षात आणून देतो.

कापडाच्या खरेदीत दोन गोष्टींनी आम्हाला शिकवले. ट्यूबलाइटखाली जे कापड मरून दिसले ते उन्हात विटकरी निघाले. कापलेले कापड कोणी परत घेत नाही, म्हणून कात्री लागण्यापूर्वी ठाण दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहावे. दुसरे, दुपट्टा रंगवून घ्यायचा असेल तर कापड रंग धरणारे आहे का ते आधी विचारावे. पॉलिस्टरची जाळी किंवा जॉर्जेट गल्लीतल्या रंगाऱ्याच्या पातेल्यात रंग धरत नाही. व्हिस्कोस आणि नायलॉन धरतात. स्वस्तात पांढरा दुपट्टा घेऊन मग त्याचा रंग जुळेना, असे अनेकांचे होते.

जर खरी, खोटी आणि प्लास्टिकची

सामानाच्या बाबतीत ग्राहक सर्वात जास्त ठकतो. जर तीन प्रकारची. खऱ्या जरीत चांदीची तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून तिला सोन्याचे पाणी दिलेले असते. खोट्या जरीत तांब्याची तार असून तिला वरून चांदी-सोन्याचा मुलामा असतो. तिसरी प्लास्टिकची जर, म्हणजे चमकीचा थर दिलेली पॉलिस्टरची पट्टी. सुरत हे या जरीचे जुने केंद्र आहे. आजच्या बाजारातल्या बहुतेक जोड्यांवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारची जर असते. त्यात वाईट काही नाही, मात्र तिला खरीचा भाव देऊ नये. खऱ्या जरीच्या जुन्या कपड्याला चांदीचे मोल येते. खोट्या जरीला ते येत नाही आणि हवा, घाम, अत्तर लागून ती काळी पडते. प्लास्टिकची काळी पडत नाही, पण गरम इस्त्रीने आक्रसते.

काम हाताचे की मशीनचे, हे ओळखायचे तर कापड उलटे करावे. मशीनच्या कामाची मागची बाजू एकसारखी असते, खालचा धागा सरळ धावलेला दिसतो आणि बऱ्याचदा कागदासारखे अस्तर चिकटलेले असते. हाताच्या कामात मागे गाठी दिसतात, टाके थोडे पुढे-मागे असतात. आमच्या मरून शराऱ्याचा फोटो समोरच्या बाजूचा होता. उलट बाजू आम्ही दुकानात पाहिलीच नव्हती. पण ती न पाहताही सांगू शकेल असा माणूस आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटला.

अड्ड्यावरचा हिशेब

गोवंडीच्या शिवाजीनगरात एका माळ्यावर चार अड्डे लावलेले. अड्डा म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर कापड ताणून बसवतात आणि दोन्ही बाजूंनी कारागीर मांडी घालून बसतात. कारखाना चालवणारे कारागीर मूळचे बिहारचे, बावीस वर्षे मुंबईत. नक्षी आधी पारदर्शक कागदावर काढून तिला सुईने भोके पाडतात. हा झाला खाका. मग रॉकेलमध्ये कालवलेली पूड त्यावरून फिरवली की ठिपक्यांची नक्षी कापडावर उतरते. त्यावर आरीने आणि सुईने दबका, सलमा, सितारा, कटदाना बसवतात.

आम्ही त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, दोन मिनिटे पाहिला आणि सांगितले की घेराचे सगळे काम मशीनचे आहे, हाताचे आहे ते गळ्यावर आणि दुपट्ट्याच्या पल्लूवर. मग त्यांनी नफरी मोजली. नफरी हे या धंद्याचे माप. एका कारागिराचे आठ तासांचे काम म्हणजे एक नफरी. त्यांच्या अंदाजाने त्या जोड्यात जास्तीत जास्त बारा नफरी हातकाम होते. आठशे रुपयांची नफरी धरली तरी ९,६०० रुपये. प्रत्यक्षात ठेकेदाराचा हिस्सा गेल्यावर कारागिराच्या हाती त्याहून कमी पडते, हेही त्यांनी सांगितले. ४२ हजारांच्या चिठ्ठीवर ज्याच्या जिवावर "हँडवर्क" लिहिले होते, त्याचा वाटा पाव हिश्श्यालाही पोहोचत नव्हता.

आमच्या स्नेह्यांनी विचारले, तुमच्या मुलीच्या वेळी तुम्ही स्वतःच भरला असेल ना जोडा? कारागीर हसले. मुलीचा निकाह गावी ऐन सराईत आला. अड्ड्यावर दुसऱ्यांचे सहा जोडे चढलेले, तारखा दिलेल्या. तिच्यासाठी त्यांनी तयार, मशीनच्या कामाचा जोडा विकत नेला. एवढे सांगून ते पुन्हा सुईकडे वळले.

त्यानंतर आमच्या स्नेह्यांनी भावाची घासाघीस केली नाही. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला : "माझ्याकडे इतके पैसे आहेत. तुमची मजुरी पूर्ण धरून त्यात काय होईल?" हा प्रश्न प्रत्येक बापाने विचारावा असे आम्हाला वाटते. कारण त्यावर कारागिराने जे सांगितले ते कुठल्याही दुकानात ऐकायला मिळाले नव्हते.

ते म्हणाले, दुल्हन बसलेली असते. बघणाऱ्याला आणि फोटोत दिसतो तो दुपट्ट्याचा कपाळावरचा काठ, गळा आणि मेंदीच्या हातांजवळचे दोन बाह्यांचे घेर. पाठ दुपट्ट्याखाली झाकलेली, शराऱ्याचा मधला भाग घडीत गेलेला. तिथे काम भरणे म्हणजे नफरी जमिनीत पुरणे. म्हणून हातकाम फक्त त्या तीन जागी घ्या, तेही दाट. शराऱ्याला खाली वीतभर तयार गोट्याची पट्टी लावा आणि कापडच नक्षीचे घ्या. सहा नफरीत काम होईल. दोन माणसे बसली की तीन दिवस.

झालेला खर्च

खर्च असा आला. शराऱ्याला पाच मीटर आर्ट सिल्क ब्रोकेड २६० रुपये दराने, १,३०० रुपये. कुर्तीचे अडीच मीटर कापड २२० दराने, ५५०. दुपट्ट्याचे पावणेतीन मीटर १८० दराने, ४९५. अस्तर सहा मीटर ६० दराने, ३६०. भुलेश्वरचा गोटा आणि किनारी १,१५०. हातकामाचे सामान ९००. सहा नफरी आठशे प्रमाणे ४,८००. शिलाई महाडच्याच ओळखीच्या टेलरकडे २,५००. बेरीज १२,०५५ रुपये. हे आमच्या त्या दोन दिवसांतले भाव आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या बाजारभावाने आकडे बदलून घ्यावेत. पण एक गोष्ट पाहा. या जोड्यात कारागिराचा वाटा दहा रुपयांत चार रुपये आहे. दुकानातल्या जोड्यात तो दहात अडीचही नव्हता. जोडा स्वस्त झाला तो कारागिराचे पोट मारून नव्हे, मधली ओझी कमी करून.

हे मुद्दाम लिहितो, कारण स्वस्ताईची दुसरी वाटही आपल्या धंद्याने पाहिलेली आहे. २००५ मध्ये मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांवर बालमजुरीविरुद्ध छापे पडले आणि लहान लहान मुले अड्ड्यांवरून सोडवली गेली. त्या वेळी अनेक जोडे स्वस्त होते ते कुणाच्या बोटांमुळे, हे सगळ्यांना दिसले. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात मजुरीला ठेवणे गुन्हा आहे. परवडणारा जोडा म्हणताना ही वाट आमच्या डोळ्यांसमोर नाही.

मागून घेतलेला जोडा, भाड्याचा जोडा

निकाहाचा जोडा झाला, पण वलीम्याचा राहिला होता आणि हाती २,९४५ रुपये उरले होते. आम्ही भाड्याचा पर्याय सुचवला तेव्हा मुलीच्या आईचा चेहरा उतरला. उतरलेला जोडा मुलीला कसा घालायचा? मजा अशी की नवरदेवाची शेरवानी भाड्याची आहे हे त्यांना माहीत होते आणि त्याचे कुणाला काही वाटत नव्हते.

निकाहासाठी अमुकच पोशाख हवा अशी शरियतची अट नाही. आणि मागून घेतलेल्या जोड्याबद्दल बोलायचे तर सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांची हकीकत नोंदलेली आहे. त्यांच्याकडे साध्या जाड कापडाचा एक पोशाख होता आणि मदिनेत एखाद्या स्त्रीला सजवायचे असले की तो त्यांच्याकडून मागून नेला जाई. बुखारीत ही हकीकत वधूसाठी वस्तू उसनी घेण्याच्या प्रकरणात आली आहे. ज्या गोष्टीत त्या काळी कमीपणा नव्हता, तो आज कुठून आला?

केरळमधील तूता या गावी एका टॅक्सीचालकाने २०२० च्या सुमारास एकदा वापरलेले लग्नाचे कपडे गोळा करून गरजू घरांना मोफत देण्याची 'ड्रेस बँक' सुरू केली. कपाटात पडून असलेले जोडे लोकांनी स्वतः आणून दिले. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी बंद कपाटे आहेत. एका जमातखान्यातील एक कपाट आणि दोन जबाबदार भगिनी एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे.

अखेर मुलीनेच फोनवर सांगितले की मला चालेल. वलीम्यासाठी फिकट पिस्ता रंगाचा जोडा २,५०० रुपये भाड्याने मिळाला, अनामत वेगळी, जी परत आली. दोन्ही जोडे मिळून १४,५५५ रुपये. हप्ता बसला नाही.

व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

आता धंद्याचे बोलू. पंधरा हजारांचे ग्राहक मोजके नाहीत. तेच जास्त आहेत. ते काचेच्या दुकानातून रिकाम्या हाताने किंवा हप्ता घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यासाठी माल मांडणारा टिकेल. आमच्या सूचना अशा :

१. किंमत उलगडून सांगा. चिठ्ठीवर कापड, हातकाम किती नफरी, मशीनकाम, शिलाई असे लिहा. जर कोणती तेही लिहा. ज्या ग्राहकाला हिशेब कळतो तो घासाघीस कमी करतो आणि दुसऱ्याला घेऊन येतो.

२. पैसे सांगा, जोडा बनवू, ही पद्धत ठेवा. दहा, पंधरा आणि वीस हजार असे तीन नमुने तयार ठेवले तर माल अंगावर पडत नाही. कापड ताग्यात राहते आणि काम मागणीनंतर होते.

३. रिकाम्या दिवसांचे काम द्या. रमजान आणि मोहर्रममध्ये आपल्याकडे लग्ने फारशी होत नाहीत. पावसाळ्यातही अड्डे थंड असतात. त्या दिवसांत गळे, बाह्या आणि दुपट्ट्याचे काठ सुटे भरून घ्यावेत. कारागिराला बारमाही रोजी आणि तुम्हाला सराईत तयार माल. ग्राहकांनीही दोन महिने आधी ऑर्डर द्यावी. ऐन सराईत नफरी महागते आणि कामही घाईचे होते.

४. भाड्याचा धंदा हिशेबाने करा. १८ हजारांचा जोडा २,५०० भाड्याने दिला आणि दर खेपेला धुलाईचे ४०० गेले, तर हाती २,१०० राहतात. नवव्या भाड्याला भांडवल सुटते. म्हणून रंग असे निवडा जे दोन-तीन वर्षे चालतील. बाजूच्या शिवणीत दोन इंच कापड जादा ठेवा, पाठीला डोरी लावा, म्हणजे एकच जोडा तीन मापांना बसतो. जोडा प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता मलमलीत गुंडाळावा, जरीला अत्तर आणि डांबराच्या गोळ्या लागू देऊ नयेत.

५. जोड्याचे दुसरे आयुष्य विका. शादीनंतर शराऱ्याचा घेर कमी करून, कुर्ती वेगळ्या दुपट्ट्यासोबत ईदला घालण्याजोगी करून देता येते. शिवतानाच हे ध्यानात ठेवले तर काम सोपे. "एकदाच तर आहे" म्हणणाऱ्या ग्राहकाला "पाच वेळा वापराल" असे सांगणारा दुकानदार त्याला जास्त पटेल.

६. कागदपत्रे करून घ्या. हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचे 'पहचान' ओळखपत्र जरीच्या कारागिरांनी काढावे. प्रदर्शने आणि योजनांसाठी ते लागते. टेलर बांधवांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम येते. पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्यात दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते, शिवाय अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. कर्ज घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. अवजारांची मदत मात्र परतफेडीची नाही.

शेवटी

निकाहाला आम्ही महाडला गेलो होतो. मुलगी स्टेजवर बसली होती आणि कारागिराने सांगितले होते तेच खरे होते. नजर जात होती ती कपाळावरच्या काठावर, गळ्यावर आणि मेंदीच्या हातांवर. वराकडच्या एका मावशींनी मुलीच्या आईला विचारले, जोडा कोणत्या दुकानातला? दुकानाचे नाव नव्हतेच. आमच्या स्नेह्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि गोवंडीचा मोबाइल नंबर लिहून दिला. पुढच्या महिन्यात त्या अड्ड्यावर महाडच्या दोन ऑर्डरी चढल्या. मधे ठेकेदार नव्हता, नफरी पूर्ण मिळाली. जोडा सध्या मलमलीत गुंडाळून ठेवला आहे. येत्या सराईत मुलीची चुलत बहीण तो घालणार आहे.

वाचकहो, मालेगाव, भिवंडी, सोलापूर, नांदेड, रत्नागिरी, आपण जिथे असाल तिथले कापडाचे, नफरीचे आणि शिलाईचे भाव आम्हाला जरूर कळवा. सराईपूर्वी ते एकत्र छापण्याचा आमचा विचार आहे. बाजारात जाणाऱ्या बापाच्या हाती हिशेबाचा कागद असला, तर त्याला हप्त्याच्या कागदावर सही करावी लागणार नाही.